‘फाइन’ : छान, बारीक आणि दंड

प्रश्न असा आहे : ‘आय ॲम फाइन’मधला ‘फाइन’ म्हणजे छान, आणि ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत केल्यावर भरावा लागतो तो ‘फाइन’ म्हणजे दंड, हा एकच शब्द आहे की योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द? शिवाय परदेशातल्या सहकाऱ्याने आपल्या निरोपाला नुसते ‘फाइन’ एवढेच उत्तर पाठवले, तर तो खूश आहे असे समजावे का?

इंग्रजी शब्दकोश या दोन अर्थांना वेगवेगळ्या नोंदी देतात, पण मुळाशी गेल्यास दोन्ही एकाच घरचे निघतात. लॅटिनमधला ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ त्याच्यापासून आले हे सहज पटते, परंतु ‘शेवट’ या अर्थातून ‘छान’ हा अर्थ कसा निघाला, हे समजायला थोडे थांबावे लागते. मराठी माणसाला ते खरे तर अवघड जाऊ नये. आपण ‘परमावधी’ म्हणतो, त्यातला ‘अवधी’ म्हणजे मर्यादाच. ‘पराकाष्ठा’ शब्दातली ‘काष्ठा’ हीदेखील सीमाच. गुणाची जी शेवटची पायरी, ज्याच्यापुढे आणखी चांगले काही उरत नाही, तिथे पोहोचलेली वस्तू ती ‘फाइन’, असा हा प्रवास लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत झाला.

‘बारीक’ हा अर्थ त्यानंतरचा. जे शुद्ध करत करत शेवटाला नेले, त्यातले भरड निघून जाते. म्हणून ‘फाइन गोल्ड’ म्हणजे आपले बावनकशी सोने, आणि ‘रिफाइन’ म्हणजे गाळून, तावून शुद्ध करणे. सराफाकडच्या दागिन्यावर जो 916 हा आकडा असतो, तो हजार भागांत शुद्ध सोने किती ते सांगतो (चोविसातले बावीस भाग म्हणजे तेवढेच), आणि या मापाला इंग्रजीत ‘फाइननेस’ म्हणतात. मराठीत त्याला ‘कस’ हा सुंदर शब्द आधीपासून आहे. सोन्यावरून हा शब्द पूड, सूत आणि कापड यांच्यावर गेला. त्यामुळे ‘फाइन पावडर’ म्हणजे छान पूड नव्हे, तर वस्त्रगाळ पूड. ‘फाइन क्लॉथ’ बहुधा तलम कापड. आणि ‘फाइन प्रिंट’ म्हणजे सुबक छपाई असेलही, पण विम्याच्या कागदांवर ती हमखास बारीक अक्षरांतली अट असते. एकाच मराठी प्रतिशब्दाने ही सगळी कामे भागवू पाहणारे भाषांतर फसते. ‘फाइन आर्ट्स’साठी ‘ललित कला’ हा शब्द रूढ आहे, तो म्हणूनच योग्य वाटतो.

क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ हाही याच ‘बारीक’ अर्थाचा. दोन्ही यष्ट्यांना जोडणारी रेषा फलंदाजाच्या मागे वाढवली, तर तिच्याशी क्षेत्ररक्षकाचा होणारा कोन जितका लहान तितका तो ‘फाइन’, आणि कोन काटकोनाकडे गेला की ‘स्क्वेअर’. त्या जागेच्या छान असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता दंड. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फिनिस’ हा शब्द वाद मिटवण्यासाठी आणि पुढे तो मिटावा म्हणून दिलेल्या रकमेसाठी वापरला जाऊ लागला. इंग्लंडात जमीन हस्तांतरित करण्यासाठी न्यायालयात नावापुरता दावा लावून केलेल्या अखेरच्या तडजोडीलाही ‘फाइन’ म्हणत असत. 1195 पासून अशा कागदाची तिसरी प्रत चर्मपत्राच्या तळाशी लिहून न्यायालयाकडे ठेवली जाई, आणि ही पद्धत थेट 1833च्या कायद्याने बंद झाली. राजाचा रोष संपवण्यासाठी भरलेला पैसाही ‘फाइन’च होता, आणि त्यातूनच आजचा शिक्षेचा अर्थ पक्का झाला. मुळातली कल्पना, म्हणजे पैसे द्या आणि प्रकरण संपवा, आपल्या ‘तोडपाणी’च्या जवळची आहे; फरक एवढाच की फाइनची पावती मिळते. ‘फायनान्स’ हा शब्दही याच कुळातला असून, जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी देणे चुकते करण्याचा अर्थ होता. आपला ‘दंड’ मात्र काठीवरून आला आहे, त्यामुळे दोन्ही शब्दांचा आजचा अर्थ एक असला तरी त्यांची वाट निराळी आहे.

राहिला रोजच्या वापराचा भाग. ‘हाउ आर यू’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात ‘फाइन’ची धार बरीच बोथट झाली आहे, ते ‘उत्तम’ नसून ‘बरे चालले आहे’ एवढेच आहे. म्हणूनच आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘आय ॲम व्हेरी फाइन’ इंग्रजी भाषकाच्या कानाला खटकते. जोर द्यायचाच असेल तर तो ‘जस्ट फाइन’ किंवा ‘व्हेरी वेल’ म्हणेल. आणखी चहा हवा का, असे विचारल्यावर कोणी ‘आय ॲम फाइन’ म्हणाले, तर तो प्रकृतीचा वृत्तान्त नसून ‘नको, पुरे’ असा नकार असतो, आणि तेव्हा आग्रहाने कप भरणे यजमानाने टाळावे.

सहकाऱ्याचे एकशब्दी ‘फाइन’ याच जातीचे आहे. त्यात संमती नक्की आहे, उत्साह असेलच असे नाही. आपल्या ‘बरं’सारखे ते सुरावर चालते : लांबवून, हसत म्हटलेले ‘बरं’ वेगळे आणि तोंड फिरवून म्हटलेले वेगळे. लेखनात सूर पोहोचत नाही, त्यामुळे पुढे पूर्णविराम दिलेले कोरडे ‘फाइन.’ अनेकांना ‘करा काय करायचे ते’ असे ऐकू येते. त्याच्याऐवजी ‘दॅट्स फाइन, थँक्स’ असे उत्तर आले असते, तर हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती. पण त्या सहकाऱ्याला सगळ्यांनाच एका शब्दात उत्तरे देण्याची सवय असेल, तर त्याचा राग शोधत बसू नये.