कलमवार उत्तर

प्रश्न असा आला आहे : ईमेलला उत्तर देताना मूळ मजकुराच्या वर लिहायचं की खाली, यावरून कायम खटके उडतात. या दोन पद्धतींना, आणि प्रत्येक मुद्द्याखाली तिथल्या तिथे उत्तर देण्याला, मराठीत काय म्हणावं?

पहिल्या दोन्हींना ‘वर उत्तर’, ‘खाली उत्तर’ एवढं पुरे. (जर्मन लोक पहिलीला ‘टोफू’ म्हणतात : ‘मजकूर वर, सगळं अवतरण खाली’ अशा अर्थाच्या त्यांच्या चार शब्दांची ही आद्याक्षरं.) तिसरीसाठी मात्र आपल्याकडे घरचा शब्द आहे : कलमवार उत्तर. पेशवाईतल्या यादींमध्ये मागण्या कलमवार मांडलेल्या असत आणि त्या त्या कलमाखाली निर्णय लिहिला जाई.

पत्रांची रीतही तीच. समोरच्याने लिहिलेलं आधी थोडक्यात सांगायचं, ‘म्हणोन लिहिलें’ असं म्हणून ते संपवायचं, आणि ‘ऐशियास’ म्हणून आपलं सुरू करायचं. मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराच्या खटपटीने. त्याआधी अवतरणचिन्हाचं काम हे दोन शब्द करत. तुमचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, यात गोंधळच नाही. मला ही रीत फार आवडते.

ऑक्टोबर १९९५च्या आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही हेच सांगितलं आहे : मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ लागेल एवढाच भाग ठेवा. म्हणजे खरा प्रश्न वर की खाली हा नाहीच, काय गाळायचं हा आहे.

मागे एका कार्यक्रमासाठी मी तीन गोष्टी विचारल्या होत्या : हॉल लहान की मोठा, वेळ पाच की साडेपाच, चहा सांगू का? उत्तर आलं, ‘हो, चालेल.’ खाली माझं अख्खं पत्र जसंच्या तसं. शेवटी फोन करावा लागला.

एकच प्रश्न असेल तर वर उत्तर द्यावं, फोनवर वाचणाऱ्याला तेच सोयीचं. पण मुद्दे दोनाच्या वर गेले की कलमवारच लिहावं :

> हॉल?
लहान.
> वेळ?
साडेपाच.
> चहा?
हो, चालेल.