रीफ टँकचे दिवे आणि पत्रकातला पंधरा हजारांचा रकाना

पुण्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ४२, खासगी नोकरी, हातात येणारा पगार १ लाख १५ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगा चौथीत आहे. घरात ३५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायची काचपेटी आहे आणि गेली चार वर्षे त्यांनी तो जिवापाड सांभाळला आहे. टँकवर दोन मुख्य एलईडी दिवे आहेत, तरी कडेच्या कोरलला उजेड पुरत नाही. मॉन्टिपोरा या थाळीसारख्या पसरणाऱ्या कोरलच्या खालचा भाग पांढरा पडतो आहे. म्हणून निळ्या प्रकाशाच्या दोन एलईडी पट्ट्या जोडायच्या आहेत, किंमत ४२ हजार. प्रश्न असा, की कार्डावर १२ महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय' घ्यावा, महिना ३,५०० रुपये, की बोनसची वाट पाहून रोखीने घ्याव्यात? सोबत महिन्याचे जमाखर्चाचे पत्रकही पाठवले आहे.

विचारलेल्याचे उत्तर आधी देतो. ईएमआय घेऊ नका. त्यातले व्याज सवलत म्हणून वजा होते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. ४२ हजारांवर हे साधारण ९०० रुपये होतात. रोख दिले तर दुकानदार अडीच हजार सोडतो, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे 'नो कॉस्ट'ची किंमत ३,४०० रुपये झाली.

आणि आधी पट्ट्या हव्यात का तेही तपासा. एलईडीचा उजेड एका बिंदूतून पडतो, त्यामुळे फांद्यांखाली आणि थाळीखाली गडद सावली राहते. पुढून-मागून लावलेली पट्टी ती सावली भरून काढते, हे खरे. पण मुख्य दिवे पाच-सहा इंच वर उचलले तरी प्रकाश पसरतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पीएआर मीटर, म्हणजे कोरलला मिळणारा उपयोगी प्रकाश मोजणारे यंत्र, एक दिवस कोणाकडून मागून किंवा भाड्याने आणा आणि खडकाच्या प्रत्येक टप्प्यावर आकडा घ्या. मऊ कोरलला ५० ते १०० पुरतो, हॅमर कोरलला शंभर-दीडशे. दोनशेच्या पुढची भूक फक्त मॉन्टिपोराला आहे आणि ती थाळी वरच्या खडकावर हलवता येते. एवढे करूनही मागची बाजू अंधारी राहिली तर एकच पट्टी घ्या. सुरुवातीला ती तीस-चाळीस टक्क्यांवर चालवा आणि महिना-दीड महिन्यात हळूहळू वाढवा. एकदम पूर्ण प्रकाश दिला तर कोरल पांढरे पडते.

दिव्यांचे एवढेच. आता पत्रकाकडे येतो, कारण ते वाचून मला दिव्यांपेक्षा तुमच्या घराची जास्त काळजी वाटते.

जमेच्या बाजूला पगाराखाली तुम्ही लिहिले आहे: 'फ्रॅग विक्री, १५,०००'. पत्रात खुलासा आहे, की उजेड वाढला की मॉन्टिपोरा आणि हॅमर वेगाने वाढतील, फांद्या तोडून फ्रॅग, म्हणजे नव्याने लावायचे तुकडे, करायचे, एकेक दीड-दोन हजाराला जाईल आणि दिव्यांचे पैसे तीन महिन्यांत वसूल. आजवर एकही फ्रॅग विकलेला नाही, तरी पंधरा हजार दरमहा जमा धरलेत.

हा रकाना आजच खोडा. चुनखडीचा सांगाडा बांधणारी सगळी कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. हॅमर आणि मॉन्टिपोरा दोन्ही याच गटातली. अनुसूची एकमधल्या प्राण्यांच्या विक्रीसारख्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूदही कायद्यात आणली, आणि कठीण कोरल त्या करारातही आहेत. 'सगळेच विकतात', 'माझे परदेशातून आलेले आहे', ही वाक्ये चौकशीत टिकत नाहीत. घरातल्या कोरलची बिले आणि आयातीचे कागद आहेत का ते शोधा. नसतील तर वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेटा. ती फी दिव्यांपेक्षा नक्की कमी असेल.

आता खर्चाची बाजू. टँकसमोर ३,००० लिहिले आहेत. तुम्ही दिलेल्या वॅटवरूनच मी हिशेब केला. मुख्य दिवे, रिटर्न पंप, वेव्हमेकर, स्किमर आणि चिलर मिळून दिवसाला नऊ युनिट, महिन्याला २७०. तुमच्या बिलात वरच्या टप्प्याचा दर १५ रुपये पडतो, म्हणजे वीजच चार हजारांची. दर आठवड्याला ३५ लिटर पाणी बदलता, त्याला महिन्याला पाच किलो मीठ, दोन हजार. आरओ फिल्टर, खाद्य, टेस्ट किट दीड हजार. कॅल्शियम-अल्कलिनिटीचे डोस एक हजार. कधी पंप जळतो, कधी हीटर जातो, त्याचे हजार धरा. झाले ९,५००, म्हणजे वर्षाला १ लाख १४ हजार. नव्या पट्ट्या यात आणखी पाचशेची वीज घालतील.

तुमच्या पत्रकात जमा १ लाख ३० हजार, खर्च १ लाख १२ हजार ५००, शिल्लक साडेसतरा हजार. फ्रॅगचे पंधरा हजार काढले की उरतात अडीच. टँकचा खरा खर्च घातला की होतात उणे चार हजार. आणि पत्राच्या शेवटी 'कार्डावर साठेक हजार फिरते आहेत' असे जे सहज लिहून गेलात, त्याला पत्रकात रकानाच नाही. महिना साडेतीन टक्क्यांनी ते व्याज दोन हजारांच्या वर जाते. एकूण उणे सहा हजार. कार्डावरची थकबाकी का फिटत नाही याचे कोडे तुम्हाला पडले आहे, त्याचे उत्तर हे आहे.

याहून मोठी चूक खर्चाच्या बाजूलाच दुसऱ्या ओळीत आहे: 'गॅरंटीड इन्कम प्लॅन, १२,५००'. गेल्या मार्चमध्ये बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने घरी येऊन विकलेली पॉलिसी. वर्षाला दीड लाख, १२ वर्षे. मग एक वर्ष थांबायचे आणि पुढची १२ वर्षे दरसाल २ लाख ७० हजार घ्यायचे. त्याने सांगितले, 'अठरा लाखांवर दरसाल २.७ लाख, म्हणजे पंधरा टक्के, तेही करमुक्त.' हा हिशेब ऐकून मला दर वेळी संताप येतो. ठेवीत व्याज घेऊनही मुद्दल परत येते. इथे त्या २.७ लाखांतच तुमचे मुद्दल परत येते आहे आणि बारा हप्त्यांनंतर हातात काही उरत नाही.

खरा दर काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. पहिला हप्ता भरल्यापासून तेरा वर्षांनी पहिली रक्कम मिळते, दुसऱ्यापासून तेरा वर्षांनी दुसरी, असे शेवटपर्यंत. म्हणजे प्रत्येक दीड लाखाचे तेरा वर्षांत २.७ लाख. दर पडतो साधारण ४.६ टक्के. तोच दीड लाख पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी तेरा वर्षांत ३ लाख ६५ हजारांच्या घरात जातो, आणि तोही करमुक्त. एका हप्त्यामागे ९५ हजारांचा फरक, उरलेल्या अकरा हप्त्यांचे दहा लाख. भरलेला पहिला हप्ता पूर्ण बुडाला, त्याचे पुढचे २.७ लाखही गेले, असे धरले तरी पुढचे हप्ते थांबवण्यातच फायदा आहे. 'टॅक्स वाचेल' हेही खोटे. तुम्ही नव्या कररचनेत आहात आणि तिथे ८०सीची वजावट नाही.

आणि या पॉलिसीवर तुम्ही ज्या विम्याच्या भरवशावर आहात तो किती? पंधरा लाख. कंपनीचे २० लाख धरले तर पस्तीस, तेही नोकरी असेपर्यंत. गृहकर्ज ४८ लाखांचे. उद्या तुम्ही नसाल तर सगळा विमा बँकेत भरूनही तेरा लाख कर्ज राहते, आणि पत्नी-मुलाच्या खर्चाला एक रुपया नाही. घरखर्च, शाळा, आईवडिलांना पाठवता ते, मिळून महिना ५५ हजार तुम्हीच लिहिले आहेत. चार वर्षे टँकमधल्या प्रत्येक जिवाचे तापमान तुम्ही दिवसातून दोनदा पाहता. हा आकडा मात्र एकदाही मांडलेला दिसत नाही.

दीड कोटीचा टर्म विमा घ्या, साठ वर्षे वयापर्यंत. धूम्रपान नसेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. अर्जात रक्तदाब, औषधे, जे असेल ते सगळे लिहा. त्यात परतावा मिळणारा प्रकार दाखवतील, तो नको.

कार्डाचे साठ हजार तुमच्या दोन लाखांच्या ठेवीतून आत्ताच फेडा. सात टक्के कमवत ठेवून बेचाळीस टक्के भरण्यात काही अर्थ नाही. मग उणे सहाचे उणे चार होतात, प्लॅन थांबला की अधिक साडेआठ, टर्मचे दोन हजार गेले की साडेसहा. हा तुमचा खरा वाढावा. त्यातून आधी ठेवीतले साठ हजार भरून काढा. एक पट्टी २१ हजारांची आहे, तिची पाळी त्यानंतर.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात आली, की मगच जुनी सोडायची. मार्चला अजून वेळ आहे, तेवढ्यात वैद्यकीय तपासणीही होऊन जाईल. जुन्या पॉलिसीचा ३० दिवसांचा फ्री-लुक काळ, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, केव्हाच गेला. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पहिले पॉलिसी वर्ष संपताच सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. पूर्वी एका हप्त्यावर काहीच मिळत नसे. विमा कंपनीला ईमेल करून पहिल्या वर्षअखेरची सरेंडर रक्कम लेखी मागा. मॅनेजरच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका, तो तुम्हाला 'अजून दोन हप्ते भरा, मग काढू' म्हणेल. त्या 'पंधरा टक्के'चा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्याकडे आहे, तो जोडून बँकेच्या आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगवेगळे लिहा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. आणि मार्चचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची परवानगी तुम्ही पहिल्याच दिवशी सही करून दिली आहे. ती फेब्रुवारीतच बँकेतून रद्द करा आणि पोच घ्या.