भुरी, डाऊनी आणि पाठ न होणारा तक्ता

तुझे प्रश्न दोन आहेत. एक, बीएस्सी सेकंड इयर मायक्रोबायॉलॉजीचा बुरशी-शैवाल-प्रोटोझोआचा तक्ता काही केल्या पाठ होत नाही. आणि दुसरा, घरच्या द्राक्षबागेत भुरी आणि डाऊनी दोघांनाही सगळे बुरशीच म्हणतात, तरी दुकानदार औषधं वेगवेगळी का देतो. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो नीट कळला की पहिल्याचं अर्धं ओझं आपोआप उतरतं.

भुरी ही खरी बुरशी, एरिसायफे नेकेटर. डाऊनी म्हणजे पुस्तकातला केवडा, प्लास्मोपारा व्हिटिकोला, आणि ती बुरशी नाहीच. ती ऊमायसीट गटातली, म्हणजे नात्याने डायटम (एकपेशी शैवालं) आणि तपकिरी शैवालांच्या जवळची. धागे वाढवते, बीजाणू सोडते, पानावर पांढरी पडते म्हणून जुन्या लोकांनी बुरशीत टाकली आणि रोगशास्त्राच्या पुस्तकांत अजून शेजारी शेजारी छापतात, त्यात त्यांची चूक नाही कारण दिसायला खरंच तसंच दिसतं. 1845 ला आयर्लंडमध्ये बटाटा सडवला तो फायटोफ्थोरा पण याच गोतावळ्यातला.

आता फरक कुठे तर भिंतीत आणि पडद्यात. खऱ्या बुरशीची सेल वॉल कायटिन आणि ग्लुकानची, आणि पेशीपडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा मेदपदार्थ, जो ती स्वतः बनवते. डाऊनीची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची, आणि अर्गोस्टेरॉल बनवायचा कारखानाच तिच्याकडे नाही. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायझोल औषधं नेमका तोच कारखाना बंद पाडतात. मग डाऊनीवर ती कितीही मारा, बंद पाडायला काही नाहीच तर पडणार काय! उलट डायमेथोमॉर्फ सेल्युलोजची भिंत बांधायचं काम अडवतं म्हणून डाऊनीवर चालतं आणि भुरीवर वाया जातं. मेटॅलॅक्झिल पण ऊमायसीटवरच. ॲझॉक्सिस्ट्रोबिन मात्र दोघांवर चालतं (रेझिस्टन्स आला नसेल तर, आणि तो बऱ्याच ठिकाणी आलाय) कारण त्याचा घाव मायटोकॉन्ड्रियात श्वसनावर असतो आणि ते यंत्र दोघांकडे सारखंच आहे.

माणसाच्या औषधांतही हेच. फ्लुकोनॅझोल हे हेक्झाकोनॅझोलचंच भावंड, कॅन्डिडा या माणसाला लागणाऱ्या बुरशीचं अर्गोस्टेरॉल थांबवतं, आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं म्हणून आपण बऱ्यापैकी वाचतो. अँफोटेरिसिन बी, जे 2021 ला म्युकरच्या लाटेत औषध दुकानांत मिळेना, ते अर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं. आणि पेनिसिलिन बुरशीला काही करत नाही कारण ते बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकॅनवर काम करतं, जे बुरशीत नसतंच. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

बागेतच बघायचं असेल तर डाऊनीचं पान उलटं कर. वरून पिवळट तेलकट डाग दिसतो आणि बरोबर त्याच्या खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी लव, ती पर्णरंध्रांतून बाहेर आलेली असते. सकाळी दव असताना ती लव सुईने खरवडून थंड पाण्याच्या थेंबात ठेव आणि लगेच नाही, थोड्या वेळाने बघ. लिंबासारख्या आकाराच्या थैल्या दिसतील, आणि माल ताजा असेल तर त्या फुटून दोन-दोन कशाभिका (पोहायच्या शेपट्या) असलेले झूस्पोअर, म्हणजे पोहणारे बीजाणू, दिसतात. तेच पोहत पर्णरंध्र गाठतात. म्हणून छाटणीनंतर पाऊस लागला की बागायतदाराची झोप उडते, पान ओलं असल्याशिवाय याला घुसता येत नाही. भुरीचं उलटं आहे, राखेसारखी पूड पानाच्या वर, बोटाने पुसली तर पुसली जाते, सेलोटेप लावून स्लाइडवर ठेवली की पिंपासारखे कोनिडिया (बीजाणू) माळेत दिसतात, आणि तिला साचलेलं पाणी लागत नाही, ढगाळ दमट हवा पुरते. ती पानाच्या वरच वाढते आणि फक्त सालीच्या पेशींत अन्न ओढणारे शोषक घालते म्हणून साधं गंधकसुद्धा तिला भारी पडतं. पोहणारे बीजाणू खऱ्या बुरशीत फक्त कायट्रिड (पाण्यातल्या सूक्ष्म बुरशी) वगैरे मोजक्या जुन्या गटांत उरलेत, आणि त्यांना सहसा मागे एकच कशाभिका असते. आपल्या शुक्राणूसारखी. योगायोग नाही तो, बुरशी आणि प्राणी एकाच फांदीवरचे आहेत, म्हणून साठवणही ग्लायकोजेनची, झाडासारखी स्टार्चची नाही.

आता तक्ता. तो पाठ करू नकोस, प्रत्येक जीवाला तीन प्रश्न विचार: खातो कसा, भिंत कशाची, साठवतो काय. बुरशी एन्झाइम बाहेर टाकून बाहेरच पचवते आणि मग शोषते. प्रोटोझोआ, म्हणजे अमिबासारखे एकपेशी जीव, बहुतेक गिळतात, भिंत नसते म्हणूनच गिळता येतं. शैवाल प्रकाशावर जगतं. नीलहरित शैवाल यात धरू नकोस, त्याला केंद्रकच नाही, तो बॅक्टेरिया, स्पिरुलिनासकट.

मग युग्लीना, ती पाण्यातली हिरवी एकपेशी, कुठे टाकायची विचारशील. क्लोरोप्लास्ट आहे, भिंत नाही, अंधारात वाढवली तर हिरवेपणा घालवून बाहेरचं अन्न शोषून जगते. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने 1969 ला सजीवांची पाच राज्यं मांडली तेव्हा असले सगळे प्रोटिस्टा या एका राज्यात ढकलले, ते सोयीचं होतं एवढंच. शैवाल आणि प्रोटोझोआ ही राहणीची नावं आहेत, वंशाची नाहीत. उलट्या बाजूचं उदाहरण प्रोटोथेका, हिरव्या शैवालाच्या वंशातला पण हरितद्रव्य गमावलेला, गाईंच्या कासेत दगडी (कासदाह) आणतो.

आणि माझं आवडतं, मलेरियाचा प्लास्मोडियम. डॉक्टर रोनाल्ड रॉसने 1897 ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात पाहिला तो. पुस्तकात प्रोटोझोआ म्हणून दोन ओळी असतात, पण त्याच्या आत ॲपिकोप्लास्ट नावाचा चार पडद्यांचा अवयव आहे, तो म्हणजे कोण्या एके काळी त्याच्या पूर्वजाने गिळलेल्या लाल शैवालाचा उरलेला क्लोरोप्लास्ट. प्रकाशसंश्लेषण कधीच सुटलं, पण काही गरजेची रसायनं अजून तिथेच बनतात, आणि त्या अवयवाचे रायबोझोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) बॅक्टेरियासारखे असल्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक मलेरियावर चालतं. सावकाश चालतं, म्हणून उपचारात एकटं देत नाहीत, दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात.

एन्टामिबा, जिआर्डिया या आतड्यातल्या प्रोटोझोआंवरचं मेट्रोनिडॅझोल वेगळ्याच वाटेने जातं. ते ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या पेशीतच चेततं, म्हणून आमांशावर चालतं आणि मलेरियावर नाही. त्या दोघांच्या सिस्टचा (कवचातल्या सुप्त अवस्थेचा) प्रश्न वेगळा, नळाच्या क्लोरीनला त्या बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पाणी उकळावंच लागतं. सिस्टची आकृती काढताना केंद्रकं मात्र नीट मोजून दाखव, एन्टामिबा हिस्टोलिटिकाच्या पक्व सिस्टमध्ये चार, एन्टामिबा कोलायमध्ये आठ, तिथे मार्क कापतात.