बारा वर्षं जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा चालू केला की 'लेन्स एरर' दाखवून बंद पडतो. दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

दुरुस्त करा. नेमका हाच बिघाड आमच्या घरी झाला होता आणि त्यावरून दादाचं नि माझं चांगलंच वाजलं होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

बाबांच्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर यायची, करकर आवाज करायची आणि तिथेच अडकायची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. मॉडेल बंद झालंय, सुटे भाग येत नाहीत, नवीन घ्या. दादा तिथल्या तिथे म्हणाला, "टाकून दे हा. बाबांना चांगला फोन घेऊन देतो." आणि दिलाही, महागातला.

बाबांचा हात थरथरतो, बोटांची कातडी कोरडी पडलीय. पडद्यावरचं बटण कधी त्यांचं बोट ओळखायचंच नाही, कधी ओळखलं तर एकाऐवजी फोटोंची रांग लागायची. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की फोकस धरला जातो, मग श्वास रोखून पूर्ण दाबायचं, हे त्यांच्या बोटाला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. फोन आल्यावर त्यांनी फोटो काढणंच सोडून दिलं. दादाच्या हे लक्षातच आलं नाही. त्याच्या मते मी जुन्या वस्तूंना कवटाळून बसते.

मग मी त्याच मॉडेलचा, पडदा फुटलेला पण लेन्स व्यवस्थित आत-बाहेर होणारा दुसरा कॅमेरा शोधला. 2010 च्या सुमाराला जगभरात वर्षाला 10 कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात जात होते, त्यामुळे त्या काळातले अर्धेमुर्धे बिघडलेले कॅमेरे आजही स्वस्तात मिळतात. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या जाणत्या माणसाने त्यातलं अख्खं लेन्स युनिट काढून बाबांच्या कॅमेऱ्यात बसवलं. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये लेन्स, मोटर आणि मागे चित्र टिपणारा सेन्सर असा एकच तुकडा असतो, आतले दाते दुरुस्त करत बसावं लागत नाही. काढलेल्या युनिटच्या नळीत वाळूचे कण होते आणि प्लॅस्टिकच्या चाकाचा एक दाता तुटलेला. एवढ्यासाठी तो कॅमेरा कचऱ्यात जाणार होता! बाबा आता पुन्हा फोटो काढतात.

बाकीच्या बिघाडांचं थोडक्यात सांगते. बॅटरी टिकत नसेल तर फक्त बॅटरी बदला, त्याला दुरुस्ती म्हणू नका. दर वेळी तारीख-वेळ पुसली जात असेल तर आतली छोटी बॅटरी संपलीय. फोटो जांभळे किंवा रेघांचे येत असतील तर बहुधा सेन्सर गेला. 2005 मध्ये बऱ्याच कंपन्यांनी सदोष सीसीडी (त्या काळचा एक प्रकार) सेन्सर फुकट बदलून दिले होते, पण आता तशी सोय नाही, असा कॅमेरा सोडून द्या. खाऱ्या पाण्यात पडलेलाही. आणि एक्सडी या जुन्या प्रकारच्या मेमरी कार्डावर चालणारा असेल तर कार्ड मिळवतानाच दमाल.

नवीनच घ्यायचा असेल तर निदान एक इंची सेन्सरवाला घ्या. स्वस्तातल्या नव्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा तुमच्या जुन्यासारखाच 1/2.3 इंची सेन्सर असतो. एक इंचीचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट, त्यामुळे अंधुक प्रकाशातला फरक डोळ्यांना दिसतो. लहान सेन्सरचा नवा कॅमेरा घेणं म्हणजे माझ्या मते पैसे वाया घालवणं.

दादा अजून म्हणतो की एवढ्या खटपटीपेक्षा फोन बरा. त्याच्यासाठी बराच असेल. तुमच्या घरीही कोणी असं म्हणत असेल तर त्यांना एकच विचारा, हा कॅमेरा रोज हातात कोण घेतं? ज्यांच्या हाताला तो बसलाय त्यांना विचारल्याशिवाय टाकायचा निर्णय घेऊ नका.

एक मात्र महत्त्वाचं. व्हिडिओ बघून स्वतः उघडायला जाऊ नका. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे 300 व्होल्ट राहू शकतात, झटका जोरदार बसतो. आणि दुरुस्तीला देताना मेमरी कार्ड आधी काढून घ्या.