नीती खरी की नुसती रूढी?

अरे, 'नीती म्हणजे समाजाने ठरवलेले नियम' असं म्हणून लगेच मोकळा होऊ नकोस. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारापाशी घटकाभर उभा राहा. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा रूढी दारं बंद करणाऱ्यांच्या बाजूने होती. नीती नुसती रूढीच असेल, तर चूक सत्याग्रहींची ठरते. पटतं तुला? मला अजिबात नाही.

पण वस्तुनिष्ठ, म्हणजे कुणाच्या मतावर अवलंबून नसलेली, नीतिमूल्यं नाहीतच, असं तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९७७ मध्ये मांडलं. त्यालाही मनापासून वाच.

आणि 'सगळं मेंदूच करतो, मग माझी जबाबदारी कसली?' असं म्हणशील तर ऐक. परवा भाजीवाल्या मावशींनी चुकून जास्तीचे पन्नास दिले. मी चार पावलं पुढे गेलो, नोट मुठीत चुरगळलेली. मग वळलो. 'मेंदूने केलं' म्हणून ती चार पावलं माझी नव्हती, असं मला म्हणवत नाही.