सगळे गोल सेकंड हाफलाच का खातो?

प्रश्न : दादा, मी एसवायला आहे, कॉलेज टीमचा गोलकीपर. यंदा इंटरकॉलेजला आमचा पार बाजार उठला. फ्रेंडली धरून सात मॅचेस, एक जिंकलो, एक ड्रॉ, पाच हरलो. 16 गोल खाल्ले त्यातले 11 सेकंड हाफला, मी वहीत लिहून ठेवलंय. आता ग्रुपवर माझं नाव 'चाळणी' पडलंय, डीपीला कोणीतरी खरंच पिठाच्या चाळणीचा फोटो लावलाय. जिमखान्याचे सर म्हणतात पुढच्या वर्षी फुटबॉल टीम पाठवायचीच कशाला, कॅरमवाले निदान मेडल तरी आणतात. आम्ही आठवड्यातून तीन दिवस वर्गणी काढून टर्फवर खेळतो हो, आळशी नाही आहोत. मग चुकतंय कुठे?
— चाळणी, लालबाग

उत्तर : चाळणीबुवा, ती वही आधी सांभाळून ठेव, अख्ख्या सीझनमधे तुमच्या टीमने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच आहे. 16 पैकी 11 सेकंड हाफला म्हणजे दुखणं एकट्या तुझं नाही, गोलकीपर काय हाफटाइमला लिंबू चोखून आंधळा होत नाही.

तुम्ही टर्फवर खेळता तो खेळच वेगळा आहे रे. पाच-पाच, फार तर सहा-सहा जण, चारी बाजूंनी जाळी, बॉल जाळीला लागून परत पायात, ऑफसाइड नाही, थ्रो (बॉल लाइनबाहेर गेला की हाताने आत टाकायचा तो) नाही, दमलं की बाहेर बसायचं आणि दुसऱ्याला आत ढकलायचं. आणि मॅचला एकदम मोठं ग्राउंड, नियमाप्रमाणे कमीत कमी 90 मीटर लांब, वर पावसाचा चिखल. टर्फवर चार पावलं पळायचं आणि ब्रेक मारायचा, इथे तुझ्या बॅकने, म्हणजे बचावातल्या पोराने, एकदा वर जाऊन परत यायचं म्हणजेच शंभरेक मीटर झाले, मग तासाभराने तो चालायलाच लागतो, मिडफिल्डवाले कमरेवर हात ठेवून बघत बसतात, समोरचा वरून एक लांब बॉल टाकतो आणि तू एकटा त्यांच्या दोन फॉरवर्डसमोर. तिथे कोणीही चाळणीच होणार.

मागे एका कॉलेजची मॅच बघत होतो, एका पोराने तीन थ्रो टाकले आणि तिन्ही फाउल, दर वेळी मागचा पाय हवेत. तिसऱ्या शिट्टीला पोरगं रेफरीलाच विचारतंय, "सर, काय झालं?" त्याला बिचाऱ्याला जाळीमुळे थ्रो टाकायची वेळच कधी आली नव्हती!

आणि कॅरमवाल्यांवर चिडू नकोस, ते ज्या बोर्डावर खेळतात त्याच बोर्डावर प्रॅक्टिस करतात, तुम्ही करत नाही.

तर टर्फ एकच दिवस ठेवा, वर्गणीही वाचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पार्क नाहीतर गिरगाव चौपाटी, पळायचं पण एका स्पीडने नाही, जोरात जा, चालत या, परत जोरात. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या मैदानात आठ-आठ खेळा पण ऑफसाइड आणि थ्रो लावूनच. पूर्ण ग्राउंड मिळत नाही ते मला माहितीये, मुंबईत अकरा जण एकत्र उभे राहतात ते फक्त विरार लोकलमधे. आणि सब, म्हणजे बदली खेळाडू, वेळेवर उतरवा, लंगडायला लागल्यावर नाही, दोन ताजे मिडफिल्डर 55व्या मिनिटालाच आत.

सरांना 1956 चं मेलबर्न ऑलिंपिक सांग. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक मारली, ऑलिंपिकमधली आशियातल्या खेळाडूची पहिलीच, आपण 4-2 जिंकून सेमीला. तिथे युगोस्लाव्हियासमोर सेकंड हाफला नेव्हिलनेच गोल करून लीड दिली आणि मग त्याच हाफमधे आपण चार खाल्ले. पुढे ब्राँझची मॅच बल्गेरियाकडून 3-0. म्हणून कोणी फुटबॉल बंद करून कॅरम पाठवला नाही, उलट 1962 ला जकार्तात एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. बांद्र्याच्या फुटबॉल ग्राउंडला त्याच नेव्हिलचं नाव आहे, जाऊन बघून ये.

प्रश्न : टर्फचेच शूज चिखलात चालतात का? नवे घ्यायला घरून पैसे मिळणार नाहीत.
— एक लेफ्ट बॅक, डोंबिवली

उत्तर : नाही चालत. त्यांच्या खाली बारीक बारीक गुठळ्या असतात, त्यात चिखल भरला की पाच मिनिटांत सपाट चप्पल होते आणि तू वळायला गेलास की बसलास. लांब आणि कमी स्टडवाले, म्हणजे खाली खुंट असलेले, हवेत. कॉलेज सोडून गेलेल्या सीनियर्सना विचार, त्यांच्या माळ्यावर जोड्या पडलेल्या असतात, अर्धा नंबर मोठा मिळाला तर दोन मोजे घाल. फक्त मेटलचे स्टड असतील तर टुर्नामेंटवाल्यांना आधी विचारून घे, काही ठिकाणी उतरू देत नाहीत. आणि मॅचनंतर चिखल धुवून आत रद्दी पेपर कोंबून पंख्याखाली ठेव, गॅसजवळ नको, सोल सुटतो, माझा सुटलाय.