आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचे इंजेक्शन

प्रश्न : माझ्या आईचे वय 67 आहे. न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले. नंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे 3.1 आला. डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेण्यास सांगितली. पण दोन गोळ्यांतच छातीत जळजळू लागले. त्यात शेजारच्या काकूंनी ‘या गोळीने जबडा सडतो’ असे सांगितल्यापासून ती गोळीला हात लावत नाही. नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही का? माझी मावशी दर सहा महिन्यांनी हाडांसाठीच डेनोसुमॅबचे इंजेक्शन घेत असे. आता बरे वाटते म्हणून तिने या वेळचे टाळले आहे. आईलाही तेच द्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की हाडे ठिसूळ झाली असे आपण मानतो. आपल्या आईंचा त्याहून कमी आहे, आणि चालता चालता पडून हाड मोडले, ही त्या आकड्याहूनही मोठी सूचना आहे. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व हवेच, पण या टप्प्यावर तेवढ्याने भागणार नाही. कण्याचे मणके आधीच पिचलेल्या स्त्रियांमध्ये ॲलेंड्रोनेटने कण्याचे नवे अस्थिभंग आणि खुब्याचे अस्थिभंग जवळजवळ निम्म्याने कमी झालेले आढळले आहेत.

जळजळीविषयी मला आधी विचारावेसे वाटते, की गोळी नेमकी कशी घेतली जाते? पुष्कळ घरांत ती सकाळच्या चहाबरोबर, इतर गोळ्यांच्या मुठीतच जाते आणि नंतर जरा पाठ टेकली जाते. हे औषध रिकाम्या पोटीही शंभरात एक भागसुद्धा शोषले जात नाही. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी सोबत असेल तर तेवढेही पदरात पडत नाही, आणि आडवे झाल्यास गोळी अन्ननलिकेत रेंगाळून तिथे जखम करू शकते. म्हणून उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळावी आणि पुढचा अर्धा तास काही न खातापिता बसून किंवा उभे राहावे. मात्र जळजळ झालेलीच आहे, तेव्हा पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ती सोसत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येते. त्याआधी मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील कॅल्शियम तपासावे लागते, आणि पहिल्या वेळी एकदोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते.

काकूंची भीती अगदीच निराधार नाही, पण जबड्याच्या हाडाचा हा त्रास मुख्यतः कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांत दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो अत्यंत विरळ आहे. दात काढायचा असल्यास शक्यतो उपचारापूर्वी काढून घ्यावा. दीर्घकाळ औषध घेताना मांडीत किंवा जांघेत दुखू लागल्यास मात्र लगेच सांगावे. साधारण पाच वर्षांनी गोळीला विश्रांती देता येईल का, हे डॉक्टर ठरवतात.

डेनोसुमॅब उत्तम औषध आहे. पण ॲलेंड्रोनेट बंद केल्यावरही त्याचा काही अंश वर्षानुवर्षे हाडांत टिकून राहतो, तसे डेनोसुमॅबचे होत नाही. त्याचा अंमल सहा महिन्यांनी ओसरू लागतो, हाडांची झीज उसळी घेते आणि कमावलेली घनता झपाट्याने जाते. काहींचे तर एकाहून अधिक मणके पिचतात. हे इंजेक्शन थांबवायचेच असेल तर पाठोपाठ दुसरे औषध सुरू करावे लागते. ज्यांना दर सहा महिन्यांनी वेळेवर येणे जमेल, त्यांनाच मी ते सुचवतो.

त्यामुळे आईंपेक्षा मावशींची काळजी मला आज अधिक वाटते. ‘बरे वाटते’ हे यात प्रमाण नव्हे. हाड मोडेपर्यंत हा आजार सहसा दुखतच नाही. शेवटच्या इंजेक्शनची तारीख शोधा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. पाठीत अचानक कळ आली असेल किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर कण्याचा एक्स-रे काढण्याविषयी तिथेच विचारा.